निकाल न देणारे बुवा

बुवांनी आम्हाला कधीच 'तू चुकलास' असं सांगितलं नाही. ते शेजारच्याला विचारायचे. मी गायले की पेटीवर टेकलेला पंजा तसाच ठेवून मान पाटीलवहिनींकडे वळवायचे आणि म्हणायचे, "सांग गो, सूर खंय घसरलो?" वहिनी गायल्या की तोच प्रश्न हितेशकडे जायचा, हितेशचं झालं की माझ्याकडे. शेजाऱ्यानं नुसतं 'चुकलं' म्हणून भागायचं नाही. कुठल्या अक्षरावर चुकलं, वर गेला की खाली आला, घसरण्याआधी कुठपर्यंत बरोबर होता, हे सगळं सांगावं लागायचं. ज्याच्यावर आरोप झाला त्याला उलट बोलायची मुभा होती, आणि आम्ही ती पुरेपूर वापरायचो. एकदा एका निषादावरून माझं आणि हितेशचं इतकं वाजलं, की पलीकडच्या खोलीतल्या काकू येऊन विचारून गेल्या, कुणाचं काही हरवलंय का.

बुवा अशा वेळी सुपारी कातरत बसायचे. आमच्यात एकमत झालं की मगच पुढं. आम्हाला वाटायचं, काय विक्षिप्त माणूस आहे. मास्तर असून निकाल देत नाही.

मी पत्रकं लिहिते. नाल्यात सोडलेल्या पाण्याबद्दल, कंत्राटी कामगारांबद्दल, बंद पडलेल्या दवाखान्याबद्दल. सरळ लिहायची सवय आहे, म्हणून हेही सरळच लिहिते. बुवांचं मी एकदा वाईट केलं, आणि ते खरं लिहून केलं. ते पुढं येईलच. आधी माणूस सांगते. सध्या ते गावी लेकीकडे असतात. मोबाईल त्यांच्याकडे कधीच नव्हता, आताही नाही, तेव्हा हे त्यांच्यापर्यंत पोचलंच तर कागदावरूनच पोचेल.

मोरिवलीत, एमआयडीसीच्या मागच्या भिंतीला लागून एक चाळ आहे. तिच्या टोकाच्या दोन खोल्या बुवांच्या. मूळचे ते मालवणकडचे. तरुणपणी डबलबारीची भजनं करायचे. म्हणजे दोन बुवा आपापली मंडळी घेऊन समोरासमोर बसतात, एकानं गाण्यातून टाकलेल्या सवालाला दुसऱ्यानं गाण्यातूनच जबाब द्यायचा. पोटासाठी मात्र एकतीस वर्षं इथल्याच एका कारखान्यात, तापल्या लोखंडावर यंत्राचा घण पडतो त्या खात्यात. मी कधी त्या खात्याच्या दारात पत्रकं वाटायला उभी राहिले तर छातीत धडधडतं, आणि ती भीती नसते, तो घणच असतो. तिथं त्यांना कानात घालायला काय मिळायचं? मशीन पुसायच्या चिंध्यांतला कापूस. तोही स्वतःच निवडून घ्यायचा.

मी त्यांच्याकडे गेले ती गाणं शिकायला नव्हे. आमच्या संघटनेचं कलापथक आहे. चौकात, वस्तीत, गेटवर आम्ही गाणी म्हणतो. तीन कार्यक्रम झाले की माझा आवाज बसायचा, आणि पथकातल्या एकानं तोंडावर सांगितलं, तू गात नाहीस, तू ओरडतेस. मी म्हटलं, माणसं उपाशी असताना सुरांचं कौतुक कुणाला. पण ते लागलं होतं. कुणीतरी बुवांचं नाव सुचवलं. भजनाचे बुवा म्हटल्यावर मी दारातच सांगून टाकलं की मी देवाचं काही म्हणणार नाही, आमच्या घरात ते चालत नाही.

बुवांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "देव नको तर नको. 'सा' तरी मानतंस मां?"

मग माझ्या पिशवीतलं पत्रक काढायला लावलं आणि मोठ्यानं वाचायला सांगितलं. मी वाचलं. अगदी सभेत वाचते तसं. ते माझ्या तोंडाकडे एकटक बघत होते. संपल्यावर म्हणाले की, पत्रक चांगलं असणार, पण तू पहिल्या शब्दाला जी चढलीस ती शेवटपर्यंत उतरलीच नाहीस. माणूस खरोखर रागावतो तेव्हा त्याचा आवाज कुठं जातो ते बघितलंयस का कधी? त्यांनी मला पेटीला हात लावू दिला नाही. पहिल्या आठवड्याचा गृहपाठ दिला: "तुझी आवस तुका हाक मारता मां? चार हाकां घेवन ये."

घरी आई मला दिवसातून वीस वेळा हाक मारते. सव्वीस वर्षं मारतेय. त्या आठवड्यात मी ती पहिल्यांदा ऐकली. जेवायला बोलावते तेव्हा नावाचं दुसरं अक्षर वर जातं. काम सांगायचं असतं तेव्हा दोन्ही अक्षरं सपाट. लाडात असते तेव्हा मधे एक हेलकावा असतो. आणि मी गेटवरच्या आंदोलनातून उशिरा परतते, तेव्हा ती दारात उभी राहून जी हाक मारते ती खाली जाते. पहिल्या अक्षरापेक्षा दुसरं बरंच खाली, विहिरीत घागर सोडावी तशी. ती घाबरलेली असते हे मला त्या आठवड्यात कळलं. इतकी वर्षं मला वाटत होतं ती रागावलेली असते.

ह्या चार हाका मी बुवांना म्हणून दाखवल्या. चौथीला त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं, मग पुन्हा. मग पेटीवर ते दोन सूर शोधले आणि सगळ्यांकडून घोटून घेतले. माझ्या आईची भीती हितेश हा उल्हासनगरचा सिंधी मुलगा आणि पाटीलवहिनी ही बदलापूर गावातली आगरी बाई आळीपाळीनं म्हणत होती. हसू येत होतं आणि रडूही.

तर बुवांचं शिकवणं हे असं. वही नाही. लिहिलेलं माणूस विसरतो, असं त्यांचं मत. दर आठवड्याला प्रत्येकानं बाहेरून एक 'जागा' ऐकून आणायची. जागा म्हणजे गाण्यातलं ते वळण, जिथं ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते. ती मोबाईलमधे भरून आणलेली चालायची नाही, तोंडात आणायची. मग ती जागा आठवडाभर चावायची. काळी एकपासून सुरू करून प्रत्येक पट्टीतून, सावकाश, भरभर, दुसऱ्या शब्दांवर, शब्दाशिवाय. महिनाअखेरीला बुवा दोघांना समोरासमोर बसवायचे आणि फक्त साठवलेल्या जागांमधून एकमेकांशी बोलायला लावायचे. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं, अर्थाचा एकही शब्द न वापरता. पहिल्या वेळी माझ्याजवळ चार जागा होत्या. बोलायला माझ्याइतकं कुणी पुढं नसायचं, आणि दोन मिनिटांत मी मुकी झाले. पाटीलवहिनी शाळा सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांच्याजवळ लग्नांतून, हळदीतून, बारशांतून जमलेल्या शेकडो जागा. त्या बोलतच राहिल्या.

ह्या जागांच्या बाबतीत बुवांचा एक कडक नियम होता. त्यांच्या गावाकडे शेजाऱ्याचं भांडं उसनं आणलं तर रिकामं परत द्यायचं नाही अशी रीत आहे, चार दाणे का होईना घालूनच द्यायचं. जागेचंही तसंच. ज्याच्याकडून ऐकलीस त्याला ती नीट बसवून परत जाऊन ऐकवायची. न ऐकवता वापरलीस तर ती चोरी.

हितेश लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. बोटं इतकी चपळ की बघत राहावं, पण त्याची सगळी गाणी एकाच माणसाची वाटायची. बुवांनी त्याला त्याच्या आजीकडे पाठवलं. ती सिंधी लाडे म्हणते, म्हणजे त्यांच्याकडची लग्नाची गाणी. हितेश म्हणाला, "बुवा, अम्मा का गाना कौन सुनता है, ती तर भाजी निवडताना गाते." बुवा म्हणाले, तेव्हाच ऐक. पहिल्या रविवारी तो हात हलवत आला. दुसऱ्या रविवारी म्हणाला की अम्माचा तो सूर कीबोर्डवर नाहीच, दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत कुठंतरी आहे. तिसऱ्या रविवारी त्यानं तो गळ्यातून काढला, पहिल्यांदाच आमच्यासमोर अम्माचं गाणं गायला, आणि कान लाल झाले त्याचे. मग रीतीप्रमाणे परत द्यायला गेला. पुढं काय झालं ते त्यानं आम्हाला जिन्यात सांगितलं. अम्मानं ऐकून घेतलं, मेथीची जुडी खाली ठेवली आणि विचारलं की हे तुला माझ्या बहिणीनं शिकवलं का. ती बहीण हितेशच्या जन्माआधीच वारली होती.

मी आणलेल्या जागांतली बुवांची आवडती होती आमच्या विहारातली. वंदनेच्या शेवटी बायका सगळ्या मिळून सूर सोडतात, एकदम नाही, एकेक जणी हळूच, जसा बाजार उठतो. ती मी आणली आणि बुवांनी तुळशीची माळ घातलेल्या आपल्या गळ्यात ती बसवली. आता परत द्यायची पाळी. मी म्हटलं, मी ऐकवेन आईला. ते म्हणाले, तू तुझी परत कर, मी माझी करतो. पौर्णिमेला खरोखर आले. चपला काढून शेवटच्या रांगेत सतरंजीवर बसले. वंदना झाल्यावर उठून उभे राहिले, आणि एकही शब्द न उच्चारता तेवढंच वळण गाऊन दाखवलं. बायका आधी गोंधळल्या. माझी आई म्हणाली, "परत म्हणा." त्यांनी परत म्हटलं. निघताना त्यांच्या हातात खिरीचा डबा होता. तोच डबा पुढच्या रविवारी खोबऱ्याच्या वड्या घालून परत आला.

ह्या माणसाला मी विक्षिप्त म्हणत होते, कारण त्याच्या आणखीही खोडी होत्या. दार कायम उघडं, बेल बसवू द्यायचे नाहीत. फोनात सूर मरतो म्हणून फोन नाही. गाताना कुणी तोंडावर हात घेतला किंवा मान वळवली तर लगेच थांबवायचे, "गाणा तोंडार दिसता" म्हणायचे. खोलीत भर दुपारी दिवा लावून आम्हाला त्याच्याखाली बसवायचे. दुसरं कुणी पेटी वाजवत असलं तरी एक पंजा तिच्या लाकडावर टेकलेला. अगदी हळू गायलं तर त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटायचं नाही, आणि आम्ही समजायचो, आवडलं नाही.

मी कामगारांसाठी झटते म्हणवणारी बाई. दोन वर्षं दर रविवारी समोर बसत होते. माझ्या लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते आम्हीच भरवलेल्या शिबिरात. घणाच्या खात्यातल्या कामगारांचे कान तपासायचं शिबिर, मोरिवलीच्या समाजमंदिरात. एक डॉक्टरीणबाई यंत्र घेऊन आल्या होत्या. माणसं दारापर्यंत यायची आणि परत फिरायची. कंपनीला कळलं तर काढून टाकतील ही भीती. मला वाटलं, बुवा आधी बसले तर बाकीचे बसतील. बुवा नको म्हणाले. सुपारी आणायची आहे म्हणाले. मी सगळ्यांसमोर त्यांचा हात धरला आणि खुर्चीवर नेऊन बसवलं. मला ते प्रेमच वाटत होतं.

कानावर हेडफोन चढवले. बाईंनी समजावलं की बारीक शिटी ऐकू आली की बोट वर करायचं. बुवांनी डोळे मिटले. बोट वर. खाली. पुन्हा वर. सगळं ठीक चाललंय असं वाटत होतं. मी बाईंच्या मागंच उभी होते, त्यांचा हात मला दिसत होता. त्यांनी बटण दाबणं थांबवलं. बुवांचं बोट वर आलं. बाईंनी हात मांडीवर ठेवला. बोट पुन्हा वर आलं. मी मोजलं. बरोबर आठ मात्रा, आणि नवव्याला बोट वर. ते शिटी ऐकत नव्हते. तालात अंदाज लावत होते.

बाई भल्या होत्या. त्यांनी तपासणी पुरी केली आणि छापून आलेला आलेख बुवांच्या हातात दिला. रेघ डावीकडून निघून उजवीकडे कड्यावरून कोसळावी तशी खाली गेलेली. आधी शब्दांच्या कडा जातात, बाईंनी मला नंतर सांगितलं, मग वरचे हलके सूर. खालचं बरंच शिल्लक राहतं. बुवांनी कागदाची चार घड्यांची पुडी केली, खिशात ठेवली आणि मला एका बाजूला घेऊन म्हणाले की हे कुणाला सांगू नको. चौथ्या गल्लीतल्या पोरांच्या आया पोरं पेटी शिकायला पाठवतात ती बुवांच्या कानावर भरवसा ठेवून. भजनाच्या चढाओढीला दर वर्षी परीक्षक म्हणून बसवतात तेही त्यासाठीच. ते गेलं की माझ्याजवळ दुसरं काही नाही.

रिक्षातून घरी येईपर्यंत मला सगळं उलगडत गेलं. दिवा, उघडं दार, लाकडावरचा पंजा. आणि निकाल. ते निकाल देत नव्हते कारण त्यांना तो देता येत नव्हता. दोन वर्षं त्यांनी आमच्या कानांनी ऐकलं होतं, आणि त्या निमित्तानं आमचे कान तयार झाले होते. ह्याची मला माया वाटायला हवी होती. वाटलीही. पण मायेपेक्षा संताप मोठा होता, आणि संतापाचं काय करायचं ते मला एकच माहीत आहे.

मी पत्रक लिहिलं. नाव घातलं नाही, गाव घातलं नाही. 'ज्यानं आम्हाला ऐकायला शिकवलं, त्याचे कान ह्या कारखान्यानं खाल्ले' अशी सुरुवात. मी आजवर लिहिलेलं ते सगळ्यांत चांगलं पत्रक आहे. त्यात चढ होता, उतार होता, जिथं राग होता तिथं वाक्य खाली जात होतं. बुवांनी शिकवलेलं सगळं मी त्यात वापरलं. पाळी सुटताना आम्ही ते गेटवर वाटलं, आणि मी पहिल्यांदा बघितलं की लोक पत्रक खिशात कोंबत नाहीत, रिक्षात बसून एकमेकांना वाचून दाखवतात.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या मोरिवलीला कळलं होतं. पेटी शिकवणारा आणि घणाच्या खात्यात राबलेला दुसरा माणूस आहेच कोण?

कुणी वाईट बोललं नाही, हेच वाईट होतं. पोरांच्या आया एकेक करून आल्या; परीक्षा जवळ आलीय म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या. भजन मंडळाचे अध्यक्ष पेढे घेऊन आले. यंदा बुवांनी दगदग करू नये, पुढच्या रांगेत पाहुणे म्हणून बसावं, शाल-नारळ देऊन सत्कार करायचं ठरलंय. आपल्याकडे माणसाला जागेवरून उठवायचं असलं की त्याचा सत्कार करतात.

मी गेले तेव्हा बुवा पेटी उघडून पितळेच्या सूरपट्ट्यांवरची धूळ ब्रशनं झाडत होते. मी माझी बाजू मांडायला लागले. नुकसानभरपाईचा अर्ज, पुरावा, बाकीच्या कामगारांना धीर. सगळं मुद्देसूद. त्यांनी माझ्या ओठांकडे बघत ते पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाले, "तू खोटा लिवूक नाय. पण माका इचारूक नाय."

आवाज चढला नव्हता. खाली गेला होता.

अर्जाची गोष्ट इथं लांबवत नाही, ती लढाई चालू आहे आणि त्यावर सही बुवांनी नंतर स्वतःहून केली. पण त्या दिवसानंतर दोन रविवार मी तिकडं फिरकले नाही. चूक मान्य करणारं दुसरं पत्रक काढावं असंही मनात आलं होतं, आणि मसुदाही तयार होता. तिसऱ्या शनिवारी हितेश घरी आला. आईनं दिलेला चहा पीत म्हणाला, "बुवाने बुलाया है. आणि सुन, कागद-बिगद आणू नको."

दुसऱ्या दिवशी गेले तर आम्ही तिघंच उरलो होतो. दिवा लावलेला होता. पेटीवर तो आलेख उघडा पसरून ठेवलेला, त्यावर वजन म्हणून अडकित्ता.

"तुझा पत्रक झाला," बुवा मला म्हणाले. "आता ह्या माझा."

आणि त्यांनी आम्हाला स्वतःच्या कानांचा हिशेब सांगितला, एखादा म्हातारा आपली पडकी शेतं दाखवतो तसा. इथपर्यंत माझं. इथून पुढं वहिनींचा आवाज जोरात असला तर येतो, हळू असला तर नुसते ओठ दिसतात. हितेशच्या कीबोर्डचं वरचं अंग दोन वर्षांपूर्वी गेलं. ह्या घोषणाबाईचा, म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं, आवाज मात्र अजून सगळा ऐकू येतो, त्याला इलाज नाही. हितेश खो-खो हसला.

ह्यापुढं चोरून नको, बुवा म्हणाले. इतके दिवस चूक तेवढी सांगत होतात, आता जे मला येत नाही ते सगळं सांगायचं. वहिनींना त्यांनी गायला सांगितलं. वहिनींनी त्या आठवड्यात गावातल्या एका म्हाताऱ्या धवलारणीकडून, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात गाणी म्हणणाऱ्या बाईकडून, एक जागा आणली होती. लेक सासरी गेल्यावर आई तिच्या घरावरून जाते, त्या ओळीच्या शेवटी 'दारी' ह्या शब्दावर. ती हळूच म्हणायची होती, मोठ्यानं म्हटली तर मरायची. वहिनींनी हळूच म्हटली. मी आजही लिहिताना इथं थांबले.

बुवांनी नुसते ओठ बघितले आणि माझ्याकडे वळले. "काय झाला?"

मी म्हटलं, छान झालं. ते वाट बघत राहिले. मी म्हटलं, गोड होतं. "गोड जिलबी असता," बुवा म्हणाले. मी म्हटलं, करुण. त्यांनी हात झटकला. हजारो लोकांसाठी लिहिणारी मी, मला एका माणसाला एक सूर सांगता येईना. वहिनींनी माझी कीव येऊन पुन्हा म्हटलं. मी डोळे मिटून ऐकलं. मग सावकाश सांगायला लागले, शब्द चाचपत, अंधारात पायरी शोधावी तसे.

"वहिनी पंचमापर्यंत गेल्याच नाहीत, बुवा. त्याच्या दारापर्यंत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज येतोय, लेक आत आहे हे कळतंय. कडी वाजवायला हात उचलला, आणि चप्पल न काढता मागं फिरल्या."

"फिरताना पाय खंय ठेवल्यान?"

"गंधारावर. पण त्यानं थांबू दिलं नाही. तिथून सरकत 'सा'वर आल्या. वाटेत ऋषभ लागला की नाही ते त्यांनाही माहीत नसेल."

बुवांनी दोन्ही पंजे पेटीवर टेकले. मग त्यांनी खालच्या सप्तकात, त्यांच्या त्या घोगऱ्या आवाजात, न ऐकलेली ती जागा म्हणायला घेतली. दारापर्यंत गेले. थांबले. फिरले. वहिनींनी पदर तोंडाला लावला, कारण ते वळण तेच होतं. फक्त गंधार उतरला होता.

बुवांनी डोळे उघडून आमच्याकडे बघितलं. एकेकाकडे. हितेश पंख्याकडे बघू लागला. वहिनींनी पदराची कड सरळ करायला घेतली. मलाही 'वा' म्हणावंसं वाटलं, खरं सांगते, फार वाटलं. पण ते विचारत होते.

"गंधार उतरला, बुवा," मी म्हणाले.

"किती?"

"केसभर."

"खंयच्या अक्षरार?"

"'दारी'तल्या 'दा'वर. 'री'पर्यंत सावरलात."

त्यांनी मान हलवली, भाता ओढला आणि गंधार पुन्हा लावला. माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हटलं. पुन्हा लावला. ह्या वेळी हितेश म्हणाला, "बुवा, अब थोड़ा चढ़ गया." बुवांना हसू आलं, दात नसलेल्या बाजूनं. पुन्हा लावला. वहिनींनी कधीतरी उठून भात टाकला, तो उतरवला, आणि आमचं काही संपेना. त्या रविवारी आम्ही जेवलो तेव्हा चार वाजून गेले होते.